सातचा भोंगा

१० नोव्हेंबर, सोमवार

ढाकणे सरांनी दहावीच्या वर्गाला नवीन काम लावून दिलंय. रोज पेपरातली एक सामाजिक बातमी वाचायची, वहीत उतरवायची आणि खाली आपलं मत लिहायचं. ती वही सर तपासणार. त्या वहीत मी 'समाजाने यावर विचार करायला हवा' असं लिहिते, कारण सरांना ते वाक्य फार आवडतं. पण रोज समाजानेच विचार करायचा म्हटलं की माझा राहून जातो. म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

आजची बातमी बिबट्याची. उसातून बिबट्या निघतोय, लोक पाणी द्यायला जायला घाबरतात. सरांच्या वहीत लिहिलं की वनखात्याने पिंजरे लावावेत. इथे लिहिते की गेल्या आठवड्यात आई-बाबा माझ्या धाकट्या भावाला, ओमला घेऊन ऊस तोडायला कर्नाटकात गेलेत, आणि तिकडच्या उसात बिबट्या असतो का, ते काही पेपरात दिलेलं नाही.

आमच्या घराला कुलूप आहे. वरच्या वस्तीतल्या बहुतेक घरांना आहे. मी गावात राहीकाकूकडे राहते. काका शेवगावला आडतीवर हमाली करतात, शनिवारी येतात. आईचा फोन काकूच्या मोबाईलवर येतो, सात वाजता. दिवसभर उसाच्या फडात रेंज नसते. त्यांची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, ओढ्याच्या कडेला, खाली, तिथेही काही लागत नाही. संध्याकाळी ऊस भरलेली ट्रॉली रस्त्याला उभी राहिली की आई तिच्यावर चढते, तिथे रेंज मिळते. मग स्वयंपाक, जेवण, आणि सगळे आडवे होतात, कारण पहाटे पुन्हा फड. म्हणजे सातच्या सुमाराला थोडा वेळ, एवढीच आई.

आज म्हणाली, मुकादमाने सगळ्यांना तिकडचं सिमकार्ड घेऊन दिलं. बिबट्याचं विचारलं तर हसली. म्हणाली, "आमच्या कोयत्याला भिऊन पळतोय त्यो." मी पण हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिनाच्या निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर. विषय होता मोबाईलचे दुष्परिणाम. बाकीच्यांनी डोळे खराब होतात, मान दुखते असलं लिहिलं. मी उपाय लिहिला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत सगळ्यांचे मोबाईल-टीव्ही बंद असावेत. अशी गावं आहेत, पेपरात आलं होतं. सात का, तर मालिका सातलाच सुरू होतात आणि पोरं रील बघायला तेव्हाच पारावर बसतात.

बक्षीस द्यायला सरपंच राधाकृष्ण अण्णा आले होते. त्यांनी निबंध भाषणातच वाचून दाखवला आणि घडी घालून खिशात टाकला. म्हणाले, "पोरगी इचार करती." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझी मैत्रीण मुबश्शिरा शेजारी बसली होती, तिने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, आता हिच्याशी बोलायचं तर अर्ज करावा लागणार.

आईला सांगितलं. तिला निबंध म्हणजे काय ते नीट कळत नाही, पण पहिला नंबर कळतो. ट्रॉलीवरूनच तिने बाबांना हाक मारून सांगितलं. मला ऐकू आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रामसभेत ठराव मंजूर. माझा ठराव! अण्णांनी माझं नाव घेतलं. सगळ्यांचे हात वर होते, एकही खाली नाही. वरच्या वस्तीतून फक्त आक्काबाई आल्या होत्या, त्याही रेशनचं विचारायला. ढाकणे सरांनी हळूच विचारलं की माणसं पुरेशी आहेत का. अण्णा म्हणाले, आहेत तेवढी बास, गेलेल्यांची वाट बघत बसलो तर उन्हाळा उजाडेल.

मला वाटलं, वरच्या वस्तीला गावाच्या प्रगतीचं काही पडलेलं नसतं. मग आठवलं की आमचं घर वरच्या वस्तीतच आहे.

१ डिसेंबर, सोमवार

आज पहिला भोंगा वाजला. ग्रामपंचायतीच्या छतावर बसवलाय, बटण ओट्यावरच्या खोलीत. अण्णांनी नारळ फोडला. शाळेतल्या मुलांचं पथक केलंय आणि मी प्रमुख. आम्ही गल्लीगल्लीतून फिरायचं, कुणाचा मोबाईल चालू दिसला की नाव लिहून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई हनुमंतमामा ती नावं स्पीकरवरून वाचणार. दंड नाही, नुसती नावं. अण्णा म्हणतात, दंडापेक्षा ते जास्त लागतं.

आईचा फोन नेमका त्याच वेळी आला. ती सांगत होती, ओमचा पुढचा दात हलायला लागलाय आणि तो कुणाला हात लावू देत नाही. तेवढ्यात भोंगा सुरू झाला. मी म्हटलं, "आई, ठेव आता, भोंगा वाजला." ती म्हणाली, "कसला भोंगा गं?" मी म्हटलं, उद्या सांगते, आणि बटण दाबून मोबाईल बंदच केला. पथकाची प्रमुख पहिल्याच दिवशी सापडली असती तर काय शोभा झाली असती!

गाव खरंच गप्प झालं होतं. कुत्री तेवढी भोंग्याला ओरडत होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

आईचा फोन नाही. चार दिवस झाले. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मी लगेच मोबाईल चालू करून लावते. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' झोपली असणार.

मुबश्शिरा म्हणाली, "तुझी आई सातलाच करते ना गं?" मी म्हटलं, बंद लागला तर नंतर करेल, एवढं कळतं माणसाला. तिचे अब्बा फक्रुद्दीनचाचा गावातच पंक्चरचं दुकान चालवतात. ते तर म्हणतात, भोंग्याने फार बरं केलं, गिऱ्हाईक सातनंतर डोकं खात नाही.

आज वरच्या वस्तीत आक्काबाई सापडल्या. अंगावर गोधडी घेऊन बसलेल्या आणि गोधडीच्या आतून उजेड! मी नाव लिहिलं. त्या म्हणाल्या, पोराचा फोन होता, अजिनाथचा. मी सांगितलं, आजी, नियम सगळ्यांना सारखा. माझा आवाज अगदी ढाकणे सरांसारखा निघाला.

१३ डिसेंबर, शनिवार

पेपरात आमचं गाव आलं! 'निंबेवाडीत सातच्या ठोक्याला मोबाईल गप्प.' अण्णांचा फोटो मोठा, आमच्या पथकाचा छोटा. त्यात माझा अर्धा चेहरा आहे. सव्वीस जानेवारीला नगरहून चॅनलवाले येणार आहेत आणि मी दोन मिनिटं बोलायचं आहे. सर भाषण लिहून देणार.

हे सांगायला आई हवी होती. आईने ट्रॉलीवरून हाक मारायला हवी होती.

काका शनिवार असून आले नाहीत. काकू म्हणाली, काम असंल. आधी काका यायचं नसलं की संध्याकाळी फोन करून सांगायचे. काकूने तीन माणसांच्या भाकरी केल्या आणि एकाच्या झाकून ठेवल्या.

२१ डिसेंबर, रविवार

सरांच्या वहीतली बातमी: खेड्यातल्या मुलांना लग्नाला मुली मिळेनात. मत लिहिलं. समाजाने विचार करायला हवा वगैरे.

या वहीतली बातमी: आईचा फोन नाही.

मला वाटतं ती रागावली. ओमच्या दाताचं सांगत होती आणि मी तिचं बोलणं तोडलं, वर मोबाईलच बंद करून टाकला. काकूच्या मोबाईलवर बंद असताना कुणाचा फोन येऊन गेला ते दिसत नाही. म्हणजे ती लावते की नाही, हेही मला कळत नाही. लावत असेल असं वाटलं की रडू येतं. लावत नसेल असं वाटलं की जास्त येतं.

मी किती शहाणी! निबंधात सात लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही. मोबाईल म्हणजे रील, मोबाईल म्हणजे मालिका, एवढंच डोक्यात. आईचा फोन म्हणजे मोबाईल, हे मला वाटलंच नाही. तो म्हणजे आईच होती.

चोरून चालू ठेवावा असं रोज मनात येतं. पण आक्काबाईंचं नाव मीच दिलं होतं. सकाळी ते स्पीकरवर वाचलं तेव्हा त्या हंडा घेऊन नळावर उभ्या होत्या. बायकांनी वळून बघितलं. आक्काबाईंनी हंडा भरायच्या आधीच उचलला. आता मी कोणत्या तोंडाने गोधडीत शिरू?

३ जानेवारी, शनिवार

शाळेत बालिका दिन झाला. मी भाषण केलं, टाळ्या पडल्या. घरी येताना आमच्या घराकडे गेले. कुलूप हलवून पाहिलं, उगीच. आईने लावलेल्या कढीपत्त्याला पाणी घातलं. त्याचं पान चुरगळलं की आईच्या हाताचा वास येतो. बराच वेळ हात नाकाशी धरून पायरीवर बसले.

पेपरात परत बिबट्या. सरांच्या वहीत आज काहीच लिहिलं नाही.

संध्याकाळी फेरीला निघाले तर काकू बंद मोबाईल पदराने पुसत बसलेली. मी म्हटलं, काकू, काय करतेस? म्हणाली, धूळ बसती. रोज सातलाच कशी बसते कोण जाणे.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

काकूने तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, भोगीची भाजी केली. आई भाकरीला तीळ लावते तेव्हा एक चिमूट माझ्या तोंडात टाकते. आज माझ्या तोंडात कुणी टाकली नाही आणि मीही मागितली नाही, घोडी झाले म्हणून.

सातचा भोंगा झाला. मी वरच्या वस्तीत फेरीला गेले. आक्काबाईंच्या दारात गोधडी, आणि गोधडीत उजेड. त्या दिवसानंतर त्यांनी कधी चालू ठेवला नव्हता. मी उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, पण मोबाईल लपवला नाही. म्हणाल्या, "सणाचं लेकाचं त्वांड तर न्हाईच दिसत, आवाज तरी आइकते. लिही बाई माझं नाव. पर आधी बोल. त्यो तुज्या आईच्या टोळीतच हाय."

मोबाईल माझ्या हातात दिला आणि गोधडीचं टोक माझ्या डोक्यावर ओढलं.

अजिनाथदादा म्हणाला, "कोन, ज्ञानू? आगं तुमच्या गावाचा टावर पडला का काय? महिना झाला, कुनाच्याच घरी लागंना. साऱ्या टोळीची तीच रड." भोंग्याचं सांगायचं टाळून मी विचारलं, आई कुठंय? तर त्यांची गाडी आज लांबच्या फडात होती. मग मी विचारलं, "आई माझ्यावर रागावली का, दादा?"

तो हसायला लागला. मग हसता हसता थांबला.

"रागवंल कशाला? रोज सात वाजले की ट्रॉलीवर चढती आन् तुला लावती. फोन बंद आसला की हिकडं कानडी बाई बोलती बघ, रेकॉर्ड केलेली. तुज्या आईला कुठं कानडी कळतंय? आमी सांगितलं, आगं ती मशीन हाय. तर म्हनती, आसू दे, बाई गोड बोलती, माज्या ज्ञानूच्या फोनातच बसलीय नव्हं, सांगंल तिला. समदं सांगती त्या बाईला. ओमचा दात पडला, त्ये बी तिलाच सांगितलं."

एवढ्यात रेंज गेली. मी हॅलो हॅलो करत राहिले. आक्काबाईंनी गोधडीतून हात घालून माझी पाठ चोळली. मग उठून त्यांनी मला भाकरी दिली, तीळ लावलेली. मी ती तिथेच बसून खाल्ली, रडत रडत, शेंबूड पुसत.

नाव लिहिलं नाही. उद्यापासून आठवडाभर बटणाची पाळी माझी आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

पथकाचं प्रमुखपद बहुतेक गेलं. अण्णा उद्या पंचायतीत बोलावणार आहेत. काय बोलतील ते बोलोत.

सकाळी मी त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन गेले होते. सगळं सांगितलं, कानडी बाईचं सोडून. ते मला सांगवलं नाही. म्हटलं, अण्णा, भोंगा आठला करा, ऊसतोडीला गेलेली माणसं सातलाच फोन करतात. अण्णा माणूस वाईट नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, पेपरात सात छापून आलंय. चॅनलवाले सातलाच येनार. सव्वीस तारीख हू दे, मंग बघू." मी म्हटलं, अण्णा, तुमच्या घरचं कुणी बाहेर आहे का? ते म्हणाले, न्हाई, द्येवाच्या दयेनं सगळी घरीच हायती. आणि मला दोनदा तिळगूळ दिला.

घरी येऊन मी काकूजवळ काही बोलले नाही. पण संध्याकाळी ओट्यावर जायला निघाले तर काकूने मोबाईल माझ्या हातात ठेवला. चालू होता, बॅटरी पूर्ण भरलेली. म्हणाली, "तुझी पाळी हाय ना आज बटनाची." बस, एवढंच. आणि काका शेवगावात आहेत, संक्रांत असून आले नाहीत, हे मला तिच्याकडे बघताना पहिल्यांदा कळलं. आपल्या नवऱ्याच्या फोनाची वाट बघायची सोडून तिने तो मला दिला होता.

हनुमंतमामा किल्ली देऊन तिळगुळाला गेले. मुबश्शिरा माझ्यासोबत होती. सात वाजले. ती म्हणाली, दाब ना. मी हात बटणावर ठेवला. त्या बटणाला लाल टिकली लावलीय, उद्घाटनाच्या दिवशीची, अजून तशीच आहे. मुबश्शिरा परत म्हणाली, अगं सात वाजून गेले. मी हात काढून घेतला आणि मांडीखाली दाबून बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि मलाही ओढून शेजारी बसवलं.

गाव भोंग्याची वाट बघत होतं. टीव्हीचे आवाज येत होते. कुणीतरी विचारलं, काय झालं, लाईट गेली का? मुबश्शिराने तिथूनच सांगितलं, हो चाचा, भोंग्याची गेलीय.

मग देवळामागे कुणाचा तरी मोबाईल वाजला. नंतर खालच्या आळीत. वरच्या वस्तीत एक वाजला, तो आक्काबाईंचाच, भक्तिगीत लावलंय त्यांनी. मग त्याच्या शेजारी, मग सुताराच्या घरी, जिथे म्हातारा एकटाच असतो. एक उचलला जाईपर्यंत दुसरा वाजायचा. मला वाटलं होतं माझ्या एकटीचीच आई सातला लावते.

अण्णा तरातरा चालत आले. पायात एकच चप्पल, दुसरी मागे कुठेतरी राहिली होती. आमच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. सगळीकडून रिंगा ऐकू येत होत्या. त्यांनी वरच्या वस्तीकडे बघितलं, मग खालच्या आळीकडे. म्हणाले, "हे रोज लावत्यात?" मुबश्शिरा म्हणाली, "हो अण्णा. रोज."

तेवढ्यात माझ्या हातातला वाजला. तिकडचा नंबर. मी हिरवं बटण दाबलं आणि मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिकडे वारा होता, ट्रॅक्टर चालू होता. आई वाट बघत होती. मला कळलं ती कुणाच्या बोलण्याची वाट बघतेय.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "आज काय बोलना गेलात ओ बाई? सन हाय म्हून रजा हाय का?"

ती पुढे सांगायलाच लागली. "बरं, आमच्या ज्ञानूला सांगा, आज सक्रांत, तीळ न्हाई गावलं, पर ओमला गूळ दिला. तिला म्हनावं नीट जेवत जा. म्हनावं, आई फोन करती रोज, भिऊ नको."

"आई," मी म्हटलं, "मीच हाय."

मला वाटलं परत रेंज गेली. मग तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि आई घाईघाईने म्हणाली, "थांब, थांब, ठेवू नको. ओमला देते. त्यो कवापास्नं दाताची जागा दाखवायची म्हून बसलाय तुला."

ओमने मोबाईल तोंडाजवळ धरला असणार, कारण त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. आ करून बसला होता. काकूचा साधा बटणाचा मोबाईल, त्यात काय दिसणार!

"दिसला का, ताई?" तो म्हणाला.

मी म्हटलं, दिसला.